जबलपूरचा हरवलेला मणका

ज्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यांना ‘मुद्देमाल’ ह्या शब्दाचे वजन निराळे सांगावयास नको. वस्तू कितीही खरी असो. ती कोठे सापडली, कोणत्या दिवशी, कोणासमक्ष, आणि तेथून न्यायासनापुढे येईपर्यंत कोणाकोणाच्या ताब्यात होती, ह्याची नोंद अखंड नसेल तर ती वस्तू मुकी होते. रक्ताळलेली कुऱ्हाड डोळ्यांपुढे पडलेली असते आणि आरोपी सुटून जातो, कारण पंचनाम्यावर एक सही राहून गेलेली असते. बऱ्हाणपुरास वीस वर्षे वकिली करीत असता हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे. परंतु साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याच्या हाडांनाही पुराव्याचा हाच कायदा लागू असतो, हे मला उमगले ते जबलपुरास, एका रिकाम्या दुपारी. त्या हाडांची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमच्या गावच्या अपिलांची वाट १९५६ पर्यंत नागपूरकडे जात असे. पुढे राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ तिकडे गेला, आम्ही तापीकाठचे मराठी भाषक इकडे राहिलो, आणि आमचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. तेव्हापासून बऱ्हाणपूरचा वकील खांडवा, इटारसी करीत, सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. काही वर्षांपूर्वी मी असाच एका दुसऱ्या अपिलासाठी गेलो होतो. काम बोर्डावर होते, पण निघाले नाही. परतीची गाडी रात्रीची. तेथील एका वकीलमित्राने विचारले की, भेडाघाटचे संगमरवरी कडे तर सगळेच पाहतात; बडा शिमला पाहिली आहे काय? मी नाही म्हणालो, आणि आम्ही निघालो.

बडा शिमला ही एक टेकडी आहे. दिसावयास अगदी सामान्य. जबलपूरची जुनी छावणी आणि तोफांचे गाडे बनविणारा सरकारी कारखाना ह्यांच्या आसमंतात ती उभी आहे. हिंदुस्थानातील, किंबहुना सबंध आशिया खंडातील, पहिल्या डायनोसॉरची हाडे १८२८ साली येथे मिळाली, असे मित्राने सांगितले तेव्हा मला ती प्रथम गावगप्पाच वाटली. परंतु परतल्यावर चार पुस्तके चाळली, आणि गप्प बसलो.

हाडे उचलणारा गृहस्थ होता कॅप्टन विल्यम स्लीमन. ठगांचा बीमोड करणारा म्हणून हे नाव आपल्या परिचयाचे आहे. त्याच वर्षी जबलपूर जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला होता. त्याला दगड झालेल्या झाडांचे वेड होते; अशी झाडे शोधीत तो टेकडीवर हिंडत असता त्याला हाडे दिसली. हा काळ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. इंग्लंडात बकलंडने ‘मेगॅलोसॉरस’ ह्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले ते १८२४ साली, म्हणजे अवघी चारच वर्षे आधी. ‘डायनोसॉर’ ही संज्ञा तर रिचर्ड ओवेनने १८४२ साली योजिली. म्हणजे स्लीमनच्या हातात जे हाड होते त्याला पृथ्वीच्या पाठीवरील कोणत्याही भाषेत अद्याप नाव नव्हते. त्याने ते फेकून दिले नाही, एवढ्यासाठी त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. त्याच्या इतर कर्तबगारीविषयी इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा.

आता मुद्देमालाची साखळी पाहा. स्लीमनने आपले मणके दिले जबलपूरचे सर्जन डॉक्टर स्पिल्सबरी ह्यांस. हे स्पिल्सबरी नर्मदेच्या गाळातील हत्तींची व इतर जनावरांची अश्मीभूत हाडे गोळा करणारे. त्यांनी बडा शिमलेवरून आणखी एक अस्थी मिळविली आणि सारा ऐवज १८३२ च्या सुमारास कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप ह्यांजकडे रवाना केला. हेच ते प्रिन्सेप, ज्यांनी पुढे १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाला पुन्हा बोलते केले. दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे ज्याने वाचली त्याच्या मेजावर ही साडेसहा कोटी वर्षांची अक्षरे येऊन पडली होती, पण त्यांची वर्णमाला कोणालाच येत नव्हती. प्रिन्सेप १८४० साली वारले. हाडे कलकत्त्याच्या संग्रहात पडून राहिली. १८६२ च्या सुमारास भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम ह्यांची नजर तीवर गेली आणि त्यांनी ती आपल्या खात्याकडे घेतली. शिवालिकच्या जीवाश्मांमुळे कीर्ती पावलेल्या ह्यू फॅल्कनर ह्यांनी तिचे टिपण केले. ते १८६५ साली निवर्तले व टिपण त्यांच्या पश्चात १८६८ साली छापले गेले. अखेर १८७७ साली रिचर्ड लायडेकर ह्यांनी नामकरण केले: ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’. ग्रीक पुराणातील टायटन हे दैत्य. त्यांच्यासारखा सरडा, आणि तो हिंदुस्थानचा. सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत एकोणपन्नास वर्षे गेली. आमच्याकडील वाटणीच्या दाव्यांची गती ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

ही हाडे बडा शिमलेवर मिळतात आणि आमच्या बऱ्हाणपुरात का मिळत नाहीत, हेही येथेच सांगून टाकतो. आमच्या शाही किल्ल्याखालचा खडक, तापीच्या पात्रातला, विहीर खणताना सुरुंगाला दाद न देणारा काळा पाषाण, हा सारा एकेकाळी भूमीच्या भेगांतून वाहत आलेला शिलारस होय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ह्या रसाचे लोट एकावर एक असे काही लाख वर्षे येत राहिले. आज उरला आहे तोच पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहे. सह्याद्रीचे कडे त्याचेच. डायनोसॉर ह्या लोटांच्या आधी, आणि काही काळ त्यांच्या दोन लोटांमधील उसंतीत, येथे वावरत होते. त्यांची हाडे ज्या मातीत-वाळूत-चुन्यात गाडली गेली त्या थराला नर्मदेवरील लमेटा घाटावरून ‘लमेटा’ म्हणतात. हा थर पाषाणाच्या तळाशी आहे. जेथे नद्यांनी पाषाण कापून काढला किंवा जेथे तो मुळातच पातळ होता, अशा त्याच्या कडेच्या मुलखात, म्हणजे जबलपूर, धार, गुजरातेत खेडा आणि इकडे चंद्रपूर, लमेटा उघडा पडतो. आम्ही मात्र त्या थाळीच्या मध्यावर बसलो आहो. खाली काय असेल ते असो. वरचे झाकण फार जड आहे.

कोकणी बांधव विचारतील की आमच्याकडे काय? गोव्याच्या लोहखनिजाच्या टेकड्या ह्याहून कितीतरी जुन्या आहेत. त्या खडकांच्या काळी पाठीचा कणा असलेला एकही जीव पृथ्वीवर नव्हता. परंतु मुंबईस वरळीच्या टेकडीत, शिलारसाच्या दोन लोटांमधील तळ्याच्या गाळात, बोटाएवढे बेडूक दगड होऊन बसले होते. ओवेन ह्यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. आज त्यांना ‘इंडोबॅट्रॅकस’ म्हणतात. एक लोट येऊन थिजला, त्यावर पाऊस पडला, तळे साचले, बेडूक आले, आणि पुन्हा लोट आला. ह्या बेडकांविषयी मला डायनोसॉरपेक्षाही अधिक जिव्हाळा वाटतो, हे कबूल करतो. पण विषय तो नव्हे.

लायडेकरांच्या नामकरणानंतर बडा शिमला काही काळ पुन्हा विस्मृतीत गेली. १९१७ पासून चार्ल्स मॅटली ह्यांनी तेथे पद्धतशीर खणती केली व पुष्कळ हाडे काढली; जर्मन पंडित फॉन ह्यूने ह्यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९३३ साली निघाला आणि त्यातून नावांची रांगच लागली. त्यांतील एकाला तर जबलपूरवरून ‘जबलपुरिया’ असे नाव पडले. दोनचार हाडांवर एकेक नाव, असा तो जमाना होता.

आणि मध्यंतरी मूळ मणके हरवले.

कोणी चोरले नाहीत, जाळले नाहीत. मोठ्या संग्रहात वस्तू जशा हरवतात तसे हरवले. म्हणजे होते तेथेच, परंतु ते तेच आहेत हे सांगणारा कोणी उरला नाही. एका कचेरीच्या दप्तरखान्यात माझ्या अशिलाचा मूळ वाटणीलेख असाच हरवला होता. मी तीन तारखा त्या खोलीत धूळ खाल्ली. लेख निघाला तो दुसऱ्याच गावच्या दुसऱ्याच दाव्याच्या बासनात बांधलेला. तोपर्यंत अशील वारले होते. त्यामुळे कलकत्त्याच्या प्रकाराने माझ्या मनात राग उत्पन्न झाला नाही. ओळख पटली, इतकेच.

ज्या काळात मूळ अस्थी बेपत्ता होत्या त्याच काळात त्यांच्यावर खटला चालून निकालही लागला, हा ह्या हकीकतीतील सर्वांत चमत्कारिक भाग. झाले असे की, लायडेकरांनी ‘टायटॅनोसॉरस’ची जी खूण सांगितली होती, शेपटीच्या मणक्याची एक विशिष्ट घडण, ती १८७७ साली अपूर्व होती. परंतु पुढे जगभर तशी घडण असलेली हाडे मिळत गेली, आणि जो तो त्यांना ‘टायटॅनोसॉरस’ म्हणू लागला. लायडेकर ह्यांनी स्वतःच अर्जेंटिनातील हाडांना १८९३ साली हे नाव दिले. युरोप, मादागास्कर, लाओस, सगळीकडे हे नाव फिरले. एकंदर चौदा जाती ह्या एका छत्राखाली जमल्या. २००३ साली जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च ह्या दोघा संशोधकांनी सगळ्यांची फेरतपासणी केली आणि निर्णय दिला की, चौदांपैकी पाचच जाती निश्चितपणे ओळखता येण्याजोग्या आहेत, आणि मूळची जबलपूरची जात त्या पाचांत नाही. कारण तिची खूण आता तिची एकटीची राहिलेली नाही. ती अख्ख्या कुळाची झाली आहे. सबब ‘टायटॅनोसॉरस’ हे नाव टाकून द्यावे. कुळाचे नाव तेवढे कायम राहिले: त्या साऱ्या परिवारास आजही ‘टायटॅनोसॉर’ म्हणतात. मूळपुरुषाचा हक्क रद्द आणि आडनाव मात्र वंशजांना बहाल, असा हा निकाल. वकील म्हणून मला त्यात दोष काढता येत नाही, पण जबलपूरबद्दल हळहळ वाटते.

त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१२ साली, मुद्देमाल सापडला. नागपूरचे धनंजय मोहबे व सुभाशिस सेन ह्या भूशास्त्रज्ञांना कलकत्त्याच्या सर्वेक्षण खात्याच्या संग्रहातच स्लीमनच्या मूळ अस्थींपैकी मणका आढळला. विल्सन ह्यांच्यासह त्यांनी २०१३ साली ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात तसे जाहीर केले. ज्या विल्सन ह्यांनी नाव रद्द केले होते तेच ओळख पटविण्यास साक्षीदार म्हणून उभे राहिले, ही गोष्ट मला शास्त्राच्या क्षेत्रातील सभ्यतेची द्योतक वाटते. लायडेकरांची रेखाटने आणि वर्णन हाताशी होते म्हणून मणका ओळखता आला. नोंद होती, म्हणून वस्तू परत मिळाली. उलट कधी घडल्याचे मी ऐकलेले नाही.

जबलपूरचा मणका हे एकाकी उदाहरण असते तर त्याची कथा येथेच संपली असती. परंतु लमेटा थराची दुसरी मोठी पेढी मराठी मुलखातच आहे, आणि तेथेही साक्षीपुराव्याचे असेच खेळ झाले आहेत. ह्या पेढीचा पहिला मुनीम म्हणजे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाचे कॉलेज आजही नागपुरात आहे तेच. धर्मप्रसार, शाळा आणि दगड अशा तीन व्यापांत त्यांचे दिवस जात. सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह त्यांनी नागपूरच्या आसमंतातील भूस्तरांवर १८५५ साली लिहिलेला प्रबंध हा विदर्भाच्या भूशास्त्राचा पाया समजला जातो. मांगली येथून त्यांच्याकडे आलेली एका उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली आणि ओवेन ह्यांनी तिला ‘ब्रॅकिऑप्स’ म्हटले. हा प्राणी डायनोसॉरांहूनही पुष्कळ जुना. वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव भूशास्त्रज्ञांच्या नकाशावर आले तेही त्यांच्याच काळात. हिस्लॉप ह्यांचा अंत दुर्दैवी झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, रात्रीच्या वेळी पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. वय अवघे पंचेचाळीस. हा मनुष्य आणखी वीस वर्षे जगता तर काय काय नोंदवून ठेवता, हा विचार मनातून जात नाही.

पिसदुऱ्याच्या शेतांत नांगराच्या फाळाला हाडांचे तुकडे लागतात, तसेच विचित्र गोलसर, मुरड पडलेले दगडही लागतात. हे दगड म्हणजे प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा. मॅटली ह्यांनी १९३९ साली त्यांवर एक निबंध लिहिला. सभ्य माणसाने ज्या वस्तूकडे पाहू नये त्या वस्तूवर एवढा खल कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु जनावराने काय खाल्ले ह्याचा याहून थेट पुरावा दुसरा नाही. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियान व अशोक साहनी ह्यांनी पिसदुऱ्याचे हे दगड विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि त्यांत वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे गारेचे सूक्ष्म कण मिळाले. प्रत्येक वनस्पतिकुळाच्या कणांची आकृती ठरलेली असते. हे कण गवताचे होते. आणि तेही एका प्रकारचे नव्हे, किमान पाच प्रकारचे.

२००५ साली ‘सायन्स’ ह्या अमेरिकन साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले तेव्हा पाठ्यपुस्तकांतील एक प्रकरण बदलावे लागले. तोपर्यंत समज असा होता की डायनोसॉर लयास गेल्यानंतर बऱ्याच काळाने गवताचा प्रसार झाला. म्हणून चित्रकार डायनोसॉर रंगविताना पायाखाली नेचे आणि सूचिपर्णी काढीत, गवत काढीत नसत. पिसदुऱ्याच्या साक्षीने ते चित्र खोटे ठरले. पुढे २०११ साली त्याच प्रकारच्या दगडांतून भाताच्या कुळाच्या पूर्वजांचेही चिन्ह मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. विदर्भातल्या ज्वारीच्या शेतात भाताच्या पणजोबाचा पत्ता लागावा, आणि तोही शेणात, ह्यावर कोकणातील वाचक काय म्हणतील ते त्यांनीच सांगावे.

पिसदुऱ्यापासून जवळच डोंगरगाव आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहन जैन ह्यांनी १९८४ ते १९८६ ह्या काळात तेथे खणती केली आणि एकाच प्राण्याची बरीचशी हाडे एकत्र मिळविली. मान, पाठ, शेपूट, खांदा, पुढचा पाय. हिंदुस्थानातील टायटॅनोसॉरांत इतका भरघोस पुरावा दुसरा नाही. १९९७ साली जैन व बंद्योपाध्याय ह्यांनी त्याला ‘टायटॅनोसॉरस’मध्येच घातले, २००३ च्या त्या फेरतपासणीत मात्र त्यास स्वतंत्र ठरवून, सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, ‘इसिसॉरस’ म्हटले गेले. म्हणजे जबलपूरच्या मणक्यावरून जे नाव उडाले त्याची भरपाई एका अर्थी चंद्रपूर जिल्ह्याने केली. प्राणी आमच्या मराठी मातीतला, नाव कलकत्त्याच्या संस्थेचे. डोंगरगावचे नाव कोठेच नाही. ज्याने खणले त्याच्या संस्थेस मान मिळाला ह्यात अन्याय नाही; तरीही प्राण्याच्या नावात गावाचे नाव असावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

नावांवरून एक गोष्ट आठवली. आमच्या बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा म्हणून १६१५ च्या सुमाराची जमिनीखालील पाण्याची योजना आहे. सातपुड्याचे झिरपणारे पाणी भुयारांतून गावात आणणारी. ती तबकतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने आखली असे येथे सगळे सांगतात. आता ‘तबकात-उल-अर्ज’ ह्याचा सरळ अर्थच ‘पृथ्वीचे थर’. फारसी-उर्दूत भूस्तरशास्त्राला हेच म्हणतात. मला शंका येते की मूळ माणसाचे नाव केव्हाच गळाले आणि त्याच्या विद्येचे नाव त्याला चिकटले. पुरावा नाही, म्हणून आग्रह धरीत नाही.

पुरावा अखंड असूनही तो चुकीचा वाचला जातो असेही घडते. मोहबे ह्यांनी १९८४ साली गुजरातेत धोली डुंगरी येथे डायनोसॉरची अंडी व त्यांजवळ बारीक हाडे असलेली एक शिळा मिळविली. ती हाडे पिल्लाची, असे त्यांनी प्रसिद्ध केले. २००१ साली विल्सन ती शिळा पाहावयास आले आणि त्यांच्या ध्यानात आले की सगळी हाडे पिल्लाची नाहीत; काही मणके सापाचे आहेत. अधिक तपास झाला. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला आहे, शेजारी नुकतेच बाहेर आलेले अर्ध्या मीटरचे पिल्लू आहे, आणि त्याच क्षणी वरून वाळू-चिखलाचा लोट येऊन दोघांनाही पुरून टाकतो! २०१० साली मोहबे, विल्सन व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या सापास संस्कृतावरून ‘सनाजेह’ असे नाव देऊन सारे प्रसिद्ध केले. आपलेच जुने म्हणणे चूक होते असे जाहीर करणाऱ्या निबंधावर मोहबे ह्यांनी आनंदाने सही केली. साक्षीदाराने उलटतपासणीत आपली चूक कबूल करावी आणि त्यामुळे त्याची किंमत वाढावी, हे आमच्या धंद्यात सहसा घडत नाही.

सापाने राखलेल्या ह्या घरट्यावरून आमच्याच राज्यातील धार जिल्ह्याकडे वळतो, कारण अंड्यांचा एक फार मोठा साठा तेथे आहे. हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद व त्यांचे सहकारी ह्यांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बाग-कुक्षीच्या टापूतील ९२ घरटी व २५६ अंडी नोंदविली आहेत. अंडी नारळाएवढी, पंधरा-सतरा सेंटिमीटर व्यासाची. सुसरी करतात तसे उथळ खळगे करून ती पुरलेली. घरटी इतकी दाट की एवढ्या अजस्र आईला त्यांमधून पाय टाकणे अशक्य. म्हणून अंडी घालून ती निघून जात असावी, असे अनुमान संशोधकांनी काढले आहे. पाडल्या गावाजवळ तर अंड्याच्या आत अंडे असलेला एक नमुना मिळाला. असा प्रकार आजवर पक्ष्यांतच ठाऊक होता. ह्या साऱ्या कामात मनावर गावचे विशाल वर्मा ह्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे पायपीट केली आहे. त्यांचे नाव निबंधांवर संशोधकांच्या बरोबरीने छापले जाते, ह्याचा मला विशेष आनंद वाटतो. शंभर वर्षांपूर्वी ते तळटीपेतही आले नसते.

ह्याच पाडल्याच्या शेतकऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एक देव आहे. शेतात मिळालेला गोल दगड बांधावर मांडावयाचा, त्याला ‘काकड भैरव’ म्हणावयाचे, नारळ वाहावयाचा. तो शेताची आणि गुरांची राखण करतो. २०२३ च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांत बातमी आली की शास्त्रज्ञांनी पाहता ह्यांतील काही दगड डायनोसॉरची अंडी निघाली. शहरातील वाचक हसले. मला हसू आले नाही. ज्या काळात विद्वानांच्या संग्रहातून पहिला मणका नाहीसा झाला त्याच काळात ह्या अडाणी समजल्या जाणाऱ्या लोकांनी अंडी फोडली नाहीत, विकली नाहीत. ज्या शेतात मिळाली त्याच शेताच्या बांधावर जपली. शास्त्राच्या दृष्टीने अंड्याचे मूल्य त्याच्या जागेत असते, आणि जागा त्यांनी बदलू दिली नाही. आता देव काढून न्यावा की ठेवावा हा प्रश्न आहे. माझे मत असे की, पाहणी करावी, मोजमाप घ्यावे, छायाचित्र काढावे आणि देव जागीच राहू द्यावा.

येथे कोणी विचारील की कायदा काय म्हणतो. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा बांधकामे, गुहा, शिलालेख अशा मनुष्यकृतींसाठी आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात ‘गतकाळातील विज्ञानाची निदर्शक वस्तू’ अशा अर्थाचे शब्द आहेत आणि शंभर वर्षांच्या वयाची अट आहे. ओढूनताणून हाड त्यात बसविता येईल, वयाची अट तर ते सहज पुरी करील, परंतु अशा ओढाताणीवर मी अशिलाला विसंबू देणार नाही. राहिला १८७८ चा निखात निधीचा कायदा: भूमीत दडविलेली दहा रुपयांवरील किमतीची वस्तू मिळाल्यास कलेक्टरास कळवावे. पण ‘दडविलेली’ म्हटले की दडविणारा कोणी आला, आणि येथे दडविणारी ती वाळू. २०२२ साली केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे व भूअवशेष ह्यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. सारा अधिकार एकाच खात्याच्या हाती जातो असा काही संशोधकांचा त्यावर आक्षेप होता, आणि तो मला रास्त वाटतो. ज्या देशात पहिला मणका सरकारी कपाटातच सव्वाशे वर्षांवर बेपत्ता राहिला तेथे एकच किल्ली एकाच्याच कमरेला असू नये. विद्यापीठे, स्थानिक शाळामास्तर आणि ज्याच्या शेतात वस्तू मिळाली तो शेतकरी, ह्या तिघांच्या सह्यांवाचून पंचनामा पुरा समजू नये, अशी एक पोटकलम तरी त्यात हवी.

गेल्या उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याचे एक अशील, बांधाच्या दाव्यासाठी आले असता, धोतराच्या सोग्यात काही तरी घेऊन आले. विहीर खणताना गोल दगड निघाला होता. माझ्या ह्या नादाची वार्ता त्यांच्या कानी गेली असावी. दगड फोडू नका असे मी सांगितले, तरी तो एका बाजूने फुटलेला होताच, आणि आत गारगोटीचे स्फटिक लखलखत होते. काळ्या पाषाणाच्या पोकळीत अशा गारगोट्या पुष्कळ होतात. अंडे नव्हते. “मग टाकून देऊ का, वकीलसाहेब?” त्यांनी विचारले. मी दगड ठेवून घेतला. त्याला एक चिठ्ठी चिकटविली. तीवर गावाचे नाव, गट क्रमांक, विहिरीची खोली, तारीख आणि त्यांचे नाव लिहिले. त्यांनी आपल्या नावाची मात्रा तपासून पाहिली, खाली अंगठ्याऐवजी सही केली, आणि मग आम्ही बांधाच्या दाव्याकडे वळलो.